बांधापलीकडचं देणं

सातगाव पठारावर पावसाळी बटाटा होतो. शेजारच्या अण्णांचा अडीच एकर होता आणि बांधाच्या पश्चिमेला, म्हणजे वाऱ्याच्या तोंडाशी, माझा अर्धा एकर टोमॅटो. त्या वर्षी नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव चढलेला, आणि आमच्या घरी बहिणीचं लग्न तोंडावर आलेलं.

ऑगस्टात झड लागली. आठ दिवस उन्हाचं नाव नाही, सकाळी धुकं, पानं दुपारपर्यंत ओलीच. नवव्या दिवशी पानांवर पाणी मुरल्यासारखे डाग दिसले. पान उलटलं, तर डागाच्या कडेनं पांढरी लव. उशिरा येणारा करपा. मला कळलं होतं. पण अजून दोन तोडे हाती लागतील म्हणून झाडं उपटली नाहीत. अण्णांना सांगितलंही नाही.

टोमॅटो आणि बटाटा एकाच कुळातले. करपा एकावरून दुसऱ्यावर वाऱ्यानं जातो. आठवड्याभरात अण्णांचा पाला उकळतं पाणी ओतल्यासारखा काळा पडला. शिवारात कुजका वास सुटला. आयर्लंडमध्ये १८४५ पासून याच रोगानं बटाटा नेला आणि उपासमारीनं, साथींनी दहा लाखांच्या आसपास माणसं मेली, हे मी पुढे वाचलं. वाचताना नाकात तोच वास होता.

मी विळा घेऊन त्यांच्याकडे गेलो. अण्णा पाला कापतच होते. ‘‘पाला आधी काढायचा, बटाटा पंधरा दिवस तसाच जमिनीत ठेवायचा. नाहीतर वरचं दुखणं खाली उतरतं,’’ एवढंच म्हणाले. दुपारी भाकरी सोडताना मी कसाबसा बोललो, ‘‘अण्णा, आधी माझ्याकडे आला होता.’’

‘‘बघितलं होतं की मी. तू तोडा करत होतास तेव्हाच. म्हटलं, पोरीचं लग्न हाय, निघू दे दोन तोडे.’’

त्या वर्षी त्यांना बियाण्याच्या कट्ट्याला तीन कट्टेसुद्धा पडले नाहीत. आणि लग्नात आहेर त्यांनीच पहिला केला.

पुढच्या पावसाळ्यात त्यांनी मला बोर्डो मिश्रण करायला शिकवलं. शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद, एक किलो चुना. दोन्ही वेगवेगळे, प्लास्टिकच्याच पिंपात. मग दोन्ही एकत्र करून लोखंडी विळा बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस चढलं तर चुना कमी पडला. त्याच दिवशी फवारायचं, आणि डाग दिसायच्या आधी. नंतर त्याचा फारसा उपयोग नाही. हे औषध मूळचं फ्रान्सचं. बोर्दोकडे वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर हे शिंपडत. त्याच वेली रोगातून वाचलेल्या पाहून मिलार्दे यांनी १८८५ मध्ये ते मांडलं. अण्णांना चोरांची गोष्ट फार आवडली. पुस्तकं करप्याला बुरशी म्हणतात, शास्त्रज्ञ आता त्याला खऱ्या बुरशीत धरत नाहीत, हे सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी तंबाखू चोळत नुसतं ‘‘असंल’’ म्हटलं.

त्या दोन तोड्यांचे पैसे मी तीनदा द्यायला घेऊन गेलो. तिन्ही वेळा काकूंच्या हातचा चहा पिऊन तसाच परतलो.

अण्णा गेले, ते रान आता त्यांचा नातू करतो. पश्चिमेच्या त्या अर्ध्या एकरात मी पुन्हा टोमॅटो लावला नाही. तिथे मका असतो.