पोत्यासंगं खाली

भौतिकशास्त्र मी कॉलेजात शिकलो आणि आज कॉलेजातच शिकवतो, पण आवेग म्हणजे काय हे मला कळलं धाडच्या आडतीवरच्या एका हमालामुळे. नात्याने ते माझे कोणी नव्हते. गल्लीत राहत, म्हणून मामा. अकरावीला बुलढाण्याला जायचा माझा एसटीचा पास त्यांच्या हमालीतून निघाला. वडिलांनी घेतले नसते, म्हणून पैसे त्यांनी आईच्या हातात ठेवले.

धाडला पावसाळ्यात हिरव्या मिरचीच्या गाड्या भरायला रात्र पुरत नाही. मिरची ओसरली की मका. मिरचीचं पोतं नाकाडोळ्यांना छळतं, मक्याचं पाठीला. तेव्हा ते क्विंटलभराचं असे.

सुट्टीत मी आडतीवर पोत्यांची नोंद लिहायला बसायचो. ट्रकवरचा गडी पोतं कडेपर्यंत ओढून सोडायचा. खाली मामा पाठमोरे, पाठीवर बारदानाची घडी. पोतं टेकताच त्यांचे गुडघे वाकू लागत, पोतं आणि माणूस मिळून वीतभर खाली येत, मग मामा सावकाश उभे राहून चालू लागत. नवख्या पोरांना सांगत, ‘‘पोत्याला अडवायचं नाई रे, त्याच्यासंगं खाली जायचं.’’

अकरावीत फळ्यावर संवेग आला, वस्तुमान गुणिले वेग, आणि मी थेट आडतीवर पोचलो. 100 किलोचं पोतं 20 सेंटिमीटर खाली आलं की वेग सेकंदाला 2 मीटर, म्हणजे संवेग 200. तो शून्यावर आणायचाच, त्यात सूट नाही. बल गुणिले वेळ, म्हणजे आवेग, 200च भरणार. ताठ उभा राहिलेला माणूस पोतं 0.05 सेकंदात थांबवतो: 4000 न्यूटन, वर पोत्याचं वजन 1000. पाठीवर 5000. मामा 0.2 सेकंद घेतात: 1000 अधिक 1000, म्हणजे 2000. न्यूटननेही 1687च्या ‘प्रिन्सिपिया’त दुसरा नियम गतीतल्या बदलाच्या भाषेतच मांडला होता. त्वरणाच्या सूत्रापेक्षा मला ती मांडणी मामांच्या जवळची वाटते.

हे गणित मी त्यांना वहीत दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘‘मंग घणाचं कसं?’’ दगडावर पडलेला घण जागच्या जागी थांबतो, वेळ नगण्य, म्हणून बल प्रचंड आणि दगड फुटतो. तोच घण भुसभुशीत मातीत रुतत जातो, वेळ लांबतो, बल विरतं. आवेगाचा धडा झाला की हाच प्रश्न मी दरवर्षी परीक्षेत घालतो, आणि तो माझा नाही हे मुलांना सांगतो.

पण गुडघे वाकवून बल कमी होतं, तेव्हा ऊर्जा कुठे जाते? मामांच्या पद्धतीत दर पोत्यामागे सुमारे 400 जूल मांड्या आणि गुडघे झेलत. ताठ उभं राहिलं तर हा आकडा 250च्या आसपास. कणा वाचवायचा तर गुडघ्यांनी मोजायचं. यावर खरा उपाय एकच, पोतंच हलकं करणं: वस्तुमान निम्मं की संवेग निम्मा, ऊर्जा निम्मी. प्रौढ पुरुषाने 55 किलोपेक्षा जास्त वजन वाहू नये, ही आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची शिफारस 1967ची. महाराष्ट्राचा माथाडी कायदा 1969चा. तरी 50 किलोच्या पोत्यासाठी हमालांच्या संघटनांना पुढे कितीतरी वर्षं भांडावं लागलं.

आमच्या आडतीवर ते पोतं आलं, तेव्हा मामांचे दोन्ही गुडघे गेलेले होते. माझा पास क्विंटलाच्या पोत्यांवर निघाला होता.