काढायचं की ठेवायचं

18 सप्टेंबर 2024, बुधवार. अमरावती

तुकड्याचा रिपोर्ट आला. ह्यांनी पाकीट आणून माझ्या हातात न देता देवघरापाशी ठेवलं. मीच उघडलं. उजवा स्तन, 1.8 सेंटिमीटर, ग्रेड दोन, इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा. काखेत सोनोग्राफीत काही दिसत नाही.

पोळ्याच्या दिवशी आंघोळ करताना गाठ हाताला लागली होती. हरभऱ्याच्या घाट्याएवढी, दाबली तरी न दुखणारी. दुखत नाही म्हणजे काही नसेल, असं धरून दहा दिवस गप्प राहिले. महालक्ष्म्यांच्या सोळा भाज्या केल्या, आंबील केली, जेवणावळी उरकल्या, मग दाखवायला गेले. त्या दहा दिवसांनी गाठीला फरक पडला नसेल. तरी राग येतो. दुखलं तरच दुखणं, हे कोणी शिकवलं आपल्याला?

20 सप्टेंबर, शुक्रवार

सर्जनकडे दोन तास बाकावर बसलो आणि पाच मिनिटांत बाहेर आलो. “काढून टाकू. मंगळवारी दाखल व्हा.” मी विचारलं, नुसती गाठ काढून स्तन ठेवता येत नाही का? फाइलवरून नजर न उचलता ते म्हणाले, “या वयात ठेवून काय करायचं?”

मी त्रेपन्न वर्षांची आहे. वर्गात चाळीस मुलांपुढे उभी राहते, माझा आवाज मागच्या बाकापर्यंत जातो. त्या खोलीत मात्र तोंडातून शब्द निघाला नाही.

22 सप्टेंबर, रविवार

घरी सगळे जमले. दीर, जाऊबाई, सासूबाई, अकोल्याहून दादा. सगळ्यांचं एकच: काढून टाक, झंझट नको. प्रत्येकाने मावशीचा दाखला दिला. मावशीचं ऑपरेशन 1991 मध्ये मुंबईला टाटात झालं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहून तिने सगळे उपचार घेतले आणि पुढे बावीस वर्षं जगली. हे खरंच आहे.

मला मात्र तिचं झंपर आठवत राहिलं. आतून शिवलेला कप्पा, त्यात घरचा कापूस, आणि वजन यावं म्हणून मूठभर मोहरी. धुवायच्या दिवशी ती मोहरी वाटीत काढून ठेवायची. काखेतल्या गाठी काढल्यामुळे तिचा हात सुजायचा. दुपारभर उशीवर उंच ठेवून बसायची. बावीस वर्षं म्हणताना कोणी त्या वाटीचं नाव घेत नाही.

रात्री हे म्हणाले, “मला तू पाहिजेस. बाकी काही नको.” मनापासून म्हणाले, डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, “ते बाकी माझं आहे.” मग आम्ही दोघंही बराच वेळ जागे होतो.

24 सप्टेंबर, मंगळवार

दाखल झाले नाही.

पुण्याच्या भाचीला फोन केला. ती पॅथॉलॉजिस्ट आहे. तास-दीड तास बोलली. मी वहीत लिहून घेतलं, तेच इथे उतरवते.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत हॉलस्टेडने स्तन, खालचे स्नायू, काख असं सगळं काढायची पद्धत रूढ केली. जितकं जास्त काढू तितकी बाई वाचेल, असा हिशेब होता. सत्तरएक वर्षं जगभर तेच चाललं. मग मिलानला व्हेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी तो हिशेब तपासायला घेतला. व्हेरोनेसींच्या अभ्यासात 701 बायका होत्या, गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत. फिशरच्या अभ्यासात 1851. कोणाचा स्तन काढायचा आणि कोणाचा ठेवायचा, हे चिठ्ठी टाकावी तसं ठरवलं. वीस वर्षं वाट पाहिली. 2002 मध्ये दोन्हींचे निकाल आले: जगण्यात फरक नाही.

मी तिला तीन वेळा विचारलं. ती तीन वेळा म्हणाली, “नाही मावशी, फरक नाही.”

एक फरक मात्र तिने लपवला नाही. ठेवलेल्या स्तनात गाठ परत येऊ शकते. मिलानमध्ये वीस वर्षांत ठेवलेल्या 352 पैकी 30 जणींना आली, काढलेल्या 349 पैकी 8 जणींना त्याच जागी आली. आणि शेक, म्हणजे रेडिएशन, घ्यावाच लागतो. फिशरच्या अभ्यासात शेक न घेतलेल्यांत शंभरात 39 जणींना त्याच स्तनात परत आली, घेतलेल्यांत 14 जणींना. म्हणजे ‘ठेवायचं’ याचा अर्थ ‘ठेवून शेक घ्यायचा’. शेक टाळायचा असेल तर हा रस्ताच नाही.

घरात चार दिवस जीव की स्तन असं बोलणं चाललं होतं. माझ्या गाठीपुरता तो प्रश्नच नव्हता.

27 सप्टेंबर, शुक्रवार

दुसऱ्या सर्जन. बाई आहेत, पण मुख्य म्हणजे बसवून घेतात. औषधाच्या चिठ्ठीमागे स्तनाचं चित्र काढलं, त्यात ठिपका, ठिपक्याभोवती वर्तुळ. “एवढं काढायचं. कडा साफ आल्या नाहीत तर परत आत जावं लागेल, हे आज सांगून ठेवते.” एकाच स्तनात लांब-लांब दोन-तीन गाठी असत्या, त्या जागी आधी शेक झाला असता, गरोदरपण असतं किंवा स्तनाच्या मानाने गाठ फार मोठी असती, तर त्यांनीच काढा म्हटलं असतं. घराण्यात लहान वयात कोणाला झालं का, तेही विचारलं. मावशीला साठीत झालं होतं. माझ्या बाबतीत दोन्ही रस्ते मोकळे आहेत.

भाचीने सांगितलेलं मी विचारलं: टाटाच्या डॉ. राजेंद्र बडवे यांचं ते भुलीचं इंजेक्शन. ऑपरेशनच्या काही मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचायचं. देशातल्या अकरा केंद्रांत सोळाशे बायकांवर अभ्यास झाला आणि पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण शंभरात 86 वरून 90 वर गेलं. दात काढताना वापरतात तेच स्वस्त औषध. बाई म्हणाल्या, “मी देते.” केवढं बरं वाटलं! आपल्या मुंबईत निघालेली गोष्ट अमरावतीच्या टेबलावर मिळते आहे.

30 सप्टेंबर, सोमवार

रक्त द्यायला गेले तर बाकावर दर्यापूरकडची एक बाई शेजारी बसली होती. पंचेचाळिशीची असेल. गाठ माझ्यासारखीच, दोनच्या आतली. तिलाही याच डॉक्टरबाईंनी चित्र काढून दोन्ही सांगितलं होतं: काढणं, किंवा ठेवून अकोल्याला पंधरा शेक.

“मंग काय ठरवलं?”

“काढून टाका म्हनलं. मायं सोयाबीन उभं हाय बाई. त्याच्यावर कापूस. पंधरा दिस अकोल्याले कोन जाऊ देईन? दोन म्हशी हायेत, बुढा सासरा हाय. जीव दोहीनंही वाचते म्हंते डॉक्टरीन, मंग?” थोड्या वेळाने म्हणाली, “तुमचं माहेर हाय अकोल्यात. तुमी ठेवा.”

तिचं केसरी कार्ड आहे, महात्मा फुले योजनेत ऑपरेशन होईल. शेकही योजनेत बसतो. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. पण म्हशींची धार कोणत्या योजनेत बसते? तिने शांतपणे, सगळं समजून ठरवलं, माझ्या घरच्यांपेक्षा कितीतरी नीट. त्यावर मी काही बोलू नये. तरी मनात सलतं: तिच्यासाठी अंतराने ठरवलं. ब्रिटनमधल्या एका अभ्यासात पंधराऐवजी पाचच शेकांत, एका आठवड्यात, तेवढंच काम होतं असं दिसलं. 2020 मध्ये ते छापून आलं. पाच दिवस म्हटलं असतं तर ती काय म्हणाली असती? हे तिला विचारायची मला हिंमत झाली नाही. डॉक्टरबाईंना विचारलं. म्हणाल्या, काही ठिकाणी देतात, मीही तिच्यासाठी चौकशी केली होती, पण तिला आठवडाही नको आहे.

3 ऑक्टोबर, गुरुवार. घटस्थापना

पहाटे अंबादेवीला गेले. गांधी चौकापासून रांग. काही मागितलं नाही.

घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, “मी ठेवते आहे. शेक घेईन.” त्या घटाला पाणी घालत होत्या. म्हणाल्या, “तुले समजते ना सगळं? मंग झालं.” एवढ्या एका वाक्यासाठी मी दहा दिवस घाबरत होते.

8 ऑक्टोबर, मंगळवार

काल ऑपरेशन झालं. काखेतल्या पहिल्या गाठी शोधायला निळा रंग टोचतात. आज सकाळी लघवी हिरवी-निळी झाली. आधी सांगितलेलं असूनही दचकले. पट्टीखाली ओढ आहे. काखेजवळ दंडाला आतून बधिर वाटतं.

17 ऑक्टोबर, गुरुवार

रिपोर्ट. काढलेल्या तुकड्याला बाहेरून शाई लावतात आणि शाईपर्यंत कॅन्सर पोचलाय का ते सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पोचलेला नाही. काखेतल्या तीन गाठी, तिन्ही साफ. हार्मोनची गोळी पाच वर्षं तरी घ्यायची. किमो नाही. भाचीला फोटो पाठवला तर तिने फक्त ‘शाई कोरडी’ एवढंच लिहिलं. मी रडले, ते हे वाचून.

26 नोव्हेंबर, मंगळवार. अकोला

शेकासाठी गेल्या सोमवारपासून दादाकडे आहे. येताना नव्या रस्त्याने आलो. 2022 च्या जूनमध्ये या अमरावती-अकोला रस्त्यावर 105 तासांत सलग 75 किलोमीटर डांबर टाकून गिनीज विक्रम झाला होता. मूर्तिजापूर, बोरगाव मंजू भराभर मागे गेलं. दादा म्हणाला, रस्ता झाला बघ. मला ती दर्यापूरची बाई आठवली.

यंत्राखाली पाचेक मिनिटंच. त्याआधी खुणा जुळवायलाच वेळ जातो. छातीवर मार्करच्या तीन फुल्या आहेत, आंघोळीत जाऊ द्यायच्या नाहीत. हात डोक्यावर, खाली थंड फळी. तंत्रज्ञ मुलगी रोज म्हणते, “काकू, हलू नका हं,” आणि जड दार लावून जाते. मग एकटीच. घरघर होते, काही जाणवत नाही. कातडी आता जरा लालसर झाली आहे. वहिनीने स्वतःचे सुती, सैल झंपर काढून दिलेत.

संध्याकाळी त्या बाईचा फोन आला. नंबर मीच दिला होता. काख साफ निघाली, शेक लागला नाही. सोयाबीन दिराने काढलं, कापूस तीच वेचते, ओझं मात्र उचलत नाही. शिकवल्याप्रमाणे रोज भिंतीवर बोटं चढवते. “हात खांद्याच्या वर जाऊन राह्यला बाई आता,” ती म्हणाली. मग विचारलं, “तुमचे किती झाले?”

सहा झाले. नऊ राहिले. उद्या सव्वादहाचा नंबर आहे.