शिरोरेषा

गुजराती अक्षरांना डोक्यावर रेघ नसते. हे मला एका दिवसात कळलं, पण हाताला समजायला वर्ष गेलं.

आम्ही सुरतेत लिंबायतला राहायचो. वडील अमळनेरकडचे. भुसावळ-सुरत पॅसेंजरनं आले आणि लूमच्या खात्यात बारा तासांच्या पाळीला लागले. घरात अहिराणी, गल्लीत अहिराणी, सातवीपर्यंत महापालिकेची मराठी शाळा. आपण परमुलखात राहतो हे मला जाणवलं 1985 साली, आठवीला गुजराती शाळेत गेलो तेव्हा. पहिल्याच निबंधात मी सवयीनं प्रत्येक शब्दावर शिरोरेषा ओढली होती. एका मुलानं वही वर्गभर फिरवली. "दोरी पर कपडां सूकव्यां छे," तो म्हणाला, आणि सगळा वर्ग हसला. त्यानंतर कितीतरी दिवस मी वर्गात तोंड उघडलं नाही.

गुजराती शिकवणारे साहेब वेडछीच्या आश्रमात शिकलेले होते, अंगात कायम खादी. त्यांनी वही तपासली, ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. रेघ मात्र खोडली नाही. दुसऱ्या दिवशी घरचं एक पुस्तक आणून माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "आ वांच, भाई. लखनार तारा मुलकनो छे."

पुस्तक होतं 'ओतराती दीवालो', म्हणजे उत्तरेकडच्या भिंती. लेखक काकासाहेब कालेलकर. दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर, जन्म साताऱ्याचा, 1885 चा, शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात. गांधीजी तुरुंगात असताना 'नवजीवन'ची धुरा त्यांनी उचलली, आणि त्यातल्या लेखनाबद्दल 1923 साली इंग्रज सरकारनं त्यांना वर्षाची सजा दिली. त्या साबरमतीच्या तुरुंगातल्या दिवसांचं हे पुस्तक.

शब्दाखाली बोट ठेवून मी ते वाचलं. शेजारच्या खात्यातून लूमची खडखड रात्रभर चालू असायची. तुरुंगाचं पुस्तक म्हणजे बेड्या आणि लाठ्या असणार, असं मला वाटलं होतं. इथे खारी होत्या, कावळे होते, मुंगळे होते. ज्याचं सगळं काढून घेतलं आहे असा माणूस भिंतीच्या आतल्या इवल्याशा जगाकडे इतक्या मायेनं बघतो, आणि आईच्या नव्हे, मागाहून शिकलेल्या भाषेत ते लिहितो! एखाद्या वाक्याचं वळण इतकं ओळखीचं निघायचं की वाटायचं, हे तर आपल्या घरातलंच कुणी बोलतंय. एकदा आईनं विचारलं, "काय वाची ऱ्हायना रे भाऊ?" जेलमधल्या दिवसांचं पुस्तक आहे म्हटल्यावर ती लगेच म्हणाली, "गुरुजीना मायक?" अमळनेरच्या बाईला तुरुंग म्हटलं की साने गुरुजीच आठवणार. 'श्यामची आई' त्यांनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगातच लिहिली.

काकासाहेबांचं बाकीचं आयुष्य मला पुढे कळत गेलं. 1915 साली शांतिनिकेतनात त्यांची गांधीजींशी भेट झाली, मग ते साबरमतीच्या आश्रमात आले. गुजराती लिहिण्यात एकवाक्यता यावी म्हणून गुजरात विद्यापीठानं 1929 साली 'जोडणीकोश' काढला; त्या कामाच्या अग्रभागी हाच मराठी माणूस. गांधीजी त्यांना 'सवाई गुजराती' म्हणायचे. म्हणजे ज्या ऱ्हस्व-दीर्घासाठी माझे गुण कापले जात, ते ठरवणाऱ्यांत आपला एक होता! आठवीतल्या पोराला याचा काय आधार वाटला, ते शब्दांत धरता येत नाही. 1930 च्या दांडीयात्रेत पुढे जाऊन गावोगाव तयारी करणारी अरुण टुकडी विद्यापीठाच्याच विद्यार्थ्यांची होती, आणि विद्यापीठाचे प्रमुख तेव्हा काकासाहेब. ती यात्रा आमच्या सुरतेवरूनच पुढे गेली. पुढे काकासाहेबही पकडले गेले आणि येरवड्यात गांधीजींच्या सोबतीला होते. त्यांना 'ललित लेखक' म्हणून एका बाजूला बसवतात आणि स्वातंत्र्यसैनिकांची यादी वेगळी करतात, ते मला आजही पटत नाही. तुरुंगातल्या दिवसांचं ते लेखन हाही लढाच होता.

साहेबांचं पुस्तक मी परत केलं नाही. आधी पुन्हा वाचायचं म्हणून, मग लाजेनं. एकवीस वर्षं ते आमच्या कपाटात राहिलं. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेलं पाणी सुरतेत शिरलं. आमचं घर तळमजल्यावर, कपाटाचे खालचे दोन खण गाळानं भरले. पाणी ओसरल्यावर मी एकेक पान सोडवून गच्चीत उन्हात घातलं. शाई टिकली होती, पण पानं एकमेकांना अशी धरून बसली होती की एक ओढावं तर दुसरं फाटावं.

नवी प्रत घेऊन बारडोलीला गेलो. साहेब निवृत्त होऊन तिथे राहत होते. मी पुराचं सांगितलं, एकवीस वर्षांचं सांगितलं, माफी मागितली. त्यांनी दोन्ही प्रती मांडीवर घेतल्या, भिजलेलीची पानं अंगठ्यानं चाचपली. ती त्यांनी मला परत दिली. नवी उघडून पुढे केली आणि म्हणाले, "तारुं नाम लख."

मी गुजरातीत नाव लिहिलं. लिहून झालं आणि हात आपोआप वर गेला, डावीकडून उजवीकडे. साहेबांनी चष्मा चढवून ती रेघ पाहिली, शाई वाळेपर्यंत पुस्तक उघडंच धरलं, आणि मग फळीवर ठेवून दिलं.