कामतघरचे कुंपण

भिवंडीच्या यंत्रमागांची खडखड मागे टाकून कामतघरला वऱ्हाळा तलावाच्या काठी आले की जीव निवतो. जवळच माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा गोठा आहे. परवा गेलो, तो भोवती तारेचे कोरे करकरीत कुंपण!

"सर, गोचीडतापाने संकरित गाय गेली. आता मोकाट गुरू की रानडुक्कर, आत येणे नाही!"

मला टेक्सास आठवले. तिथल्या गुरांचा ताप गोचीड पसरवते, हे स्मिथ व किलबर्न यांनी १८९३ साली सिद्ध केले. पुढे आपली नीलगाय तिकडे नेऊन सोडली. तीही गोचिडी वाहू लागली. तेव्हा तिच्यासाठी आठ फुटी कुंपणांचा घाट!

पण आपल्याकडे थायलेरिया पसरवणारी गोचीड गोठ्याच्या भिंतींतच बिऱ्हाड करते, भेगांत अंडी घालते. म्हशी रोग अंगात बाळगूनही धडधाकट दिसतात. कोसळते ती संकरित गाय.

मी काठीने एक भेग टोकरली. गोचिडीच गोचिडी! बिचारा मुकाट उभा राहिला. गाईबरोबर कुंपणाचे पैसेही गेले होते.

पुढच्या खेपेस पाहिले. कुंपण तसेच होते. भिंती मात्र सिमेंटने लिंपलेल्या, आणि वासरांना लसही टोचलेली. चहा देताना तो हसून म्हणाला, "सर, चोर घरातच होता!"