सोमवार, साडेअकरा, अहमदपूर स्टँड

वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायचं काम थोरला म्हणून माझ्याकडे आलं. वारसांनी तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवावं, असं जमीन महसूल संहितेचं कलम 149 सांगतं. हे मला तोंडपाठ होतं, तरी काम होत नव्हतं. तसा मी आळशी नाही. पहाटे उठून गोदावरीच्या घाटावर फिरून येतो, वेळेवर कामावर जातो, विजेचं बिल मुदतीत भरतो. कागदांची पिशवी मात्र कपाटावर पडून होती.

जमीन अहमदपूर तालुक्यात, मी नांदेडला, आक्का लातूरला. ‘सुट्टीत जाऊ’ असं आमचं ठरलेलं. पण माझी सुट्टी शनिवार-रविवारी, आणि 2020 पासून सरकारी कचेऱ्याही शनिवारी बंद. म्हणजे सुट्टीत हे काम होणारच नव्हतं. तिकडे गावाकडून चुलतभावाचा फोन यायचा, “दादा, ई-पीक पाहणी करायला बसलोय, खातं अजून काकांच्याच नावावर दिसतंय. विम्याचं कसं करायचं?” मी म्हणायचो, “बघू की या महिन्यात.”

2016 चा उन्हाळा मी लातुरात काढला आहे. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. 12 एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन. त्या दिवसांत आमच्या गल्लीत टँकरची वेळ कुणाची म्हणता कुणाची चुकली नाही. आई रात्रीच घागरी नि ड्रम दारात मांडून ठेवायची. दहाच्या आत कधी न उठणारा शेजारी उजाडायच्या आधी पाइप खांद्यावर टाकून उभा असायचा. तहान हे त्याचं कारण होतंच; पण वेळ ठरलेली, जागा ठरलेली आणि मागे रांगेत माणसं ताटकळत उभी, हेही होतं. वारस नोंदीला यातलं काहीच नव्हतं. माझी वाट बघत कुणी उभं नव्हतं.

पुढची उकल आक्काच्या घरी झाली. तिच्या वरच्या खोल्यांत नीटची तयारी करणारी पोरं भाड्याने राहतात. सकाळ झाली की उद्योग भवनाकडच्या ट्यूशनला पळतात. एकाच्या भिंतीवर वेळापत्रक चिकटवलेलं होतं. त्यात ‘फिजिक्स’ असं कुठेच नव्हतं. ‘रात्री 9 ते 10, रोटेशन, 20 एमसीक्यू’ असं होतं. मी ‘वारस नोंद’ एवढंच डोक्यात धरून बसलो होतो. ते एक काम नव्हतंच, पाच-सहा कामांची मोळी होती.

मग मी ती सोडवली. मंगळवारी महापालिकेतून मृत्यू दाखल्याची जादा प्रत. बुधवारी सातबारा आणि आठ-अ चे उतारे ऑनलाइन. गुरुवारी वारसांचं शपथपत्र, शुक्रवारी सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्स. रजेचा अर्ज आधीच देऊन टाकला आणि आक्काला फोन लावला, “सोमवारी साडेअकराला अहमदपूर स्टँडवर ये.”

ती म्हणाली, “मी नऊची गाडी धरते. तू नाही आलास तर मी एकटीच तलाठ्याकडे जाईन, मग बघ.”

ती येणार म्हटल्यावर मला जाणं भागच होतं. लोह्यामार्गे एसटीनं वेळेत पोचलो. तलाठ्यानं अर्ज घेतला, कागद तपासले, फेरफार धरला. हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस निघाली. कुणाची हरकत आली नाही आणि मंडळ अधिकाऱ्यांनी नोंद मंजूर केली. कचेरीतलं काम चहा व्हायच्या आत आटोपलं होतं.

तेव्हापासून रखडलेल्या कामाला मी तीन गोष्टी लावतो: दिवस, तास आणि वाट बघणारा माणूस. तरीही काही कामं राहतात. माळा अजून आवरायचाच आहे. पण जमिनीचं तसं करू नका. तुमच्या सातबाऱ्यावर अजून गेलेल्या माणसाचं नाव असेल, तर नुसतं मनाशी ठरवू नका. आजच एखाद्या भावंडाला फोन करा आणि कोणत्या वारी, किती वाजता, कुठल्या स्टँडवर भेटायचं ते सांगून टाका.