भाषेची काही अडचण नाही

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. विषय जरा घरगुती आहे. दादा-वहिनी हे वाचतीलच, म्हणून आधीच सांगून टाकतो की पुतणीला वाचून दाखवलंय. तिने दोन वाक्यं काढायला लावली, बाकीचं "असू द्या काका" म्हणाली.

२०२१च्या सुरुवातीला नाशिकहून दादाचा फोन आला. लेकीला टोकियोच्या केइओ विद्यापीठात अर्थशास्त्राच्या पदवीसाठी अर्ज करायचा होता. चार वर्षांचा अभ्यासक्रम, संपूर्ण इंग्रजीतून. नाव 'पर्ल', २०१६च्या सप्टेंबरात सुरू झालेला. परीक्षेसाठी जपानला यायला नको, कागदपत्रांवरच प्रवेश. फी वर्षाला बारा लाख येनच्या आसपास, म्हणजे तेव्हाच्या भावाने आठ लाख रुपयांच्या पुढे. दादाने हिशोब वगैरे सगळा केलेला होता. शेवटी म्हणाला, "तू वीस वर्षं तिथे आहेस. भाषेचं काय रे?"

मी म्हणालो, "भाषेची काही अडचण नाही. सगळं इंग्रजीतच आहे."

बायको समोरच भाजी निवडत बसली होती. तिने एकदा वर पाहिलं आणि परत मान खाली घातली. त्या बघण्याचा अर्थ मला चार वर्षांनी कळला.

माझी कथा थोडक्यात अशी. मी २००१मध्ये सॉफ्टवेअरच्या कामावर इथे आलो, आणि निशी-कासाईत राहिलो. इथे इतके भारतीय आहेत की कढीपत्त्यापासून हरभऱ्याच्या डाळीपर्यंत सगळं चालत जाऊन आणता येतं. ऑफिस इंग्रजीत, शेजार हिंदीत, घर मराठीत. वॉर्ड ऑफिसची पत्रं, मुलाची शाळा, दाताचा डॉक्टर हे सगळं बायको बघते, कारण ती पहिल्या वर्षापासून चिकाटीने जपानी शिकली. म्हणजे भाषेची अडचण मला नव्हती हे खरं, पण ती का नव्हती हे मी दादाला सांगितलं नाही. मला स्वतःलाच ते कधी सुचलं नव्हतं.

असो. प्रवेश मिळाला, आणि करोनामुळे जपानने नव्या विद्यार्थ्यांना दार बंद ठेवलेलं! पहिलं सत्र तिने नाशिकच्या घरातून केलं. इथला नऊचा तास म्हणजे तिकडे पहाटेचे साडेपाच. वहिनी चहा ठेवायची आणि ही शाल पांघरून कॅल्क्युलस करायची. २०२२च्या वसंतात सीमा उघडल्या तेव्हा एकदाची आली.

पहिली दोन वर्षं हियोशीला. स्टेशनसमोरच गिंकोच्या झाडांचा लांब चढ आहे, शरद ऋतूत सगळा पिवळाधमक होतो. अर्थशास्त्र म्हणजे अर्थसंकल्पाच्या दिवशी टीव्हीवर बोलतात ते, अशी तिची (आणि खरं तर माझीही) समजूत होती. प्रत्यक्षात कॅल्क्युलस, लिनियर अल्जेब्रा, संख्याशास्त्र, मग मायक्रो आणि मॅक्रो. दर महिन्याला घरी यायची तेव्हा वह्या दाखवायची. शिकवणारे चांगले होते, शिकली मन लावून. जपानीचेही तास घेतले. पण पुस्तकं, चर्चा, मैत्रिणींशी गप्पा, सगळं इंग्रजीत. जपानी फक्त दुकानापुरती.

२०२३मध्ये ती मिताच्या मुख्य आवारात गेली. मला तिथे घेऊन गेली तेव्हा विटांचं जुनं ग्रंथालय दाखवलं, १८७५मधलं भाषणगृह दाखवलं आणि फुकुझावा युकिचींची गोष्ट सांगितली. केइओचे संस्थापक. त्यांचं तोंड मला दहा हजारांच्या नोटेवरून चांगलं ओळखीचं! (२०२४च्या जुलैत नव्या नोटा आल्या, त्यावर आता शिबुसावा एइइची.) तर या फुकुझावांनी तरुणपणी रात्री जागवून डच भाषा शिकली. १८५९मध्ये नव्याने उघडलेलं योकोहामा बघायला गेले, तर दुकानांच्या पाट्याही वाचता येईनात. सगळा कारभार इंग्रजीत. वर्षानुवर्षांची मेहनत वाया गेली म्हणून खचले, आणि लगेच इंग्रजीच्या मागे लागले. १८६८मध्ये उएनोत लढाई चालू होती, तोफांचे आवाज ऐकू येत होते, तरी हे वेलँडच्या इंग्रजी अर्थशास्त्रावरचा आपला ठरलेला तास घेत होते.

पुढचा किस्सा मला जास्त आवडला. सरकारातल्या एका अधिकाऱ्याला इंग्रजी अर्थशास्त्राच्या पुस्तकातली अनुक्रमणिका हवी होती. भाषांतर करताना स्पर्धा या अर्थाचा शब्द आला. त्याला जपानीत नेमका शब्द नव्हता म्हणून फुकुझावांनी 'क्योसो' असा जोडशब्द केला. त्यातला 'सो' म्हणजे भांडण. अधिकारी म्हणाला, भांडणाचा शब्द वरिष्ठांना कसा दाखवू? शेवटी तो शब्द काळा करून कागद दिला. आज तोच शब्द सगळा जपान वापरतो.

आणखी एक. केइओने १८९०मध्ये विद्यापीठ विभाग काढला तेव्हा अर्थशास्त्र शिकवायला हार्वर्डचे गॅरेट ड्रॉपर्स आले होते. तेही इंग्रजीतूनच शिकवत. म्हणजे इंग्रजीतून अर्थशास्त्र ही तिथली काही कालची गोष्ट नाही. फरक इतकाच की ती मुलं वर्गाबाहेर पडली की स्वतःच्या भाषेत परतायची.

मग नोकरीचा हंगाम आला. इथे त्याला 'शूकात्सू' म्हणतात. सगळी मुलं एकसारख्या काळ्या सुटात. तिसऱ्या वर्षाच्या मार्चपासून कंपन्यांची माहितीसत्रं, चौथ्या वर्षी जूनपासून मुलाखती, आणि रुजू व्हायचं ते सगळ्यांनी १ एप्रिलला. हे झालं एप्रिलमध्ये शिकायला लागणाऱ्यांसाठी. सप्टेंबरवाल्यांनी आपापलं गणित जुळवायचं. हिने एन-२ ची परीक्षा पास केली होती, पण तिला हव्या होत्या त्या जागांना एन-१ लागत होतं. अर्जच जपानीत. नकाराची पत्रं मात्र इतकी नम्र असतात की नकार आहे हे कळायला तिला दोनदा वाचावं लागायचं.

त्यातच २०२५चा तांदूळ. ती एका सुपरमार्केटमध्ये अर्धवेळ काम करायची (विद्यार्थ्यांना आठवड्याला २८ तासांची परवानगी असते). पाच किलोची पिशवी चार हजार येनच्या वर गेलेली, आदल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट. एका कुटुंबाला एकच पिशवी, अशी पाटी. फडताळ लावत असताना एका आजींनी तिला विचारलं, "तांदूळ एवढा महाग का हो झाला?"

तिला सगळं माहीत होतं. २०२३च्या उन्हाळ्यातली होरपळ, भाताखालची जमीन कमी ठेवण्याचं वर्षानुवर्षांचं धोरण, २०२४च्या ऑगस्टात मोठ्या भूकंपाचा इशारा आल्यावर लोकांनी केलेला साठा, मार्च २०२५पासून सरकारने काढलेला राखीव तांदूळ आणि तो दुकानात पोचायला लागलेला वेळ. भाव वाढला तरी भात खाणारा भात सोडत नाही, हे तर ती आलेख काढून दाखवू शकली असती. वीस मिनिटांचं उत्तर तयार होतं. इंग्रजीत.

ती म्हणाली, "सुमिमासेन."

आणि आजींनीच उलट दोनदा वाकून तिची माफी मागितली. परदेशी मुलीला उगीच कोड्यात टाकलं असं वाटलं असणार.

त्या रात्री ती आमच्याकडे आली. जेवली नाही. म्हणाली, "काका, तुम्ही बाबांना म्हणाला होतात ना, भाषेची अडचण नाही?" आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. मी फीबद्दल, येन पडल्यामुळे दादाचे किती वाचले त्याबद्दल काहीतरी बोलायला लागलो, तर बायको म्हणाली, "तुम्ही जरा गप्प बसा." मग दोघी टेबलाशी बसल्या. "आजींचंच उत्तर लिही," बायको म्हणाली, "भाजीवाल्याला कळेल असं." अकरा ओळी लिहायला साडेबारा वाजले. मी चहा केला.

तेव्हापासून दर शनिवारी हे चालू झालं. वर्तमानपत्रातली एक बातमी, एक पान जपानी. मीही वही घेऊन बसायला लागलो. चोवीस वर्षांनी! पुतणी माझ्या चुका लाल शाईने काढते आणि त्यात तिला जरा जास्तच आनंद होतो.

सप्टेंबर २०२५मध्ये तिची पदवी झाली. नोकरी शोधण्याचा व्हिसा सहा महिन्यांचा मिळतो, एकदा वाढवता येतो. डिसेंबरची एन-१ देऊन आली. आजी पुन्हा दुकानात दिसल्या का, मी विचारलं. दिसल्या म्हणे, पण त्या दिवशी त्या नूडल्स घेत होत्या.

परवा दादाचा फोन होता. त्याच्या मित्राच्या मुलाला असाच कोर्स करायचाय.

"भाषेचं काय सांगू रे त्याला?"

मी म्हणालो, "वर्ग इंग्रजीत आहेत म्हणून सांग. बाकीचं बोलायला त्याला सरळ इकडे फोन करायला सांग. माझ्याशी नको, तुझ्या लेकीशी."