वाटूर फाट्यावरचा चहा

वाटूरला मुद्दाम जावे असे तिथे काय आहे, असे कुणी विचारले तर मला उत्तर देता यायचे नाही. डोंगर नाही, समुद्र नाही, लेणी नाहीत. जालन्याहून मंठ्याकडे जाणारा रस्ता, त्याला परतूरकडे फुटणारा फाटा, फाट्यावर चहाची दुकाने आणि भोवती कापूस. मी गेलो तो एका साखरपुड्याला. परतूर स्टेशनावर उतरलो, एस.टी.ने फाट्यावर आलो, आणि कार्याला अजून तीन तास आहेत हे कळल्यावर चहाच्या बाकावर बूड टेकले.

शेजारी एक म्हातारबाबा बसले होते. वय नव्वदीला टेकलेले, पण चष्म्याशिवाय रस्त्यावरच्या गाडीची पाटी वाचणारे.

"कुण्या गावचे पाव्हणे?"

"पुण्याचा, बाबा."

"म्हंजी इंग्रजाच्या राज्यातले," ते हसून म्हणाले. "आम्ही निजामाचे."

खरेच होते. हा मुलूख तेव्हा परभणी जिल्ह्यात, हैदराबाद संस्थानात. जालना जिल्हा झाला तो १९८१ साली. बाबांचे वडील हाली रुपयांत शेतसारा भरत. पावती उर्दूत मिळे. ती वाचायला घरात कुणीच नव्हते. म्हणून ती तशीच देवघरात ठेवीत.

त्या पावतीवरून मला पुण्यातल्या एका वकील स्नेह्यांनी सांगितलेला खटला आठवला, आणि तो मी बाबांना सांगू लागलो. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारताचे सैन्य हैदराबादेत शिरले, १७ तारखेला निजामाची फौज शरण आली, हे त्यांना माझ्याहून चांगले ठाऊक होते. पण त्याच दिवसांत निजामाचे मंत्री मोईन नवाझ जंग संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा समितीपुढे गाऱ्हाणे घेऊन पॅरिसला होते, आणि २० सप्टेंबरच्या सुमारास लंडनच्या एका बँकेतले हैदराबाद सरकारचे १०,०७,९४० पौंड आणि ९ शिलिंग पाकिस्तानच्या हाय कमिशनरच्या खात्यात गेले, हे त्यांनी ऐकले नव्हते.

"नऊ शिलिंगसुद्धा?"

"सुद्धा."

निजामाने लगेच पैसे परत मागितले. बँक देईना. १९५७ साली इंग्लंडच्या सर्वोच्च पीठाने सांगितले की पाकिस्तान हे सार्वभौम राष्ट्र. त्याच्या संमतीवाचून त्याला इथल्या कोर्टात खेचता येणार नाही. झाले! पैसा बँकेत पडून, वर व्याज चढते आहे. शेवटी २०१३ साली पाकिस्ताननेच दावा लावला आणि ते कवच गळून पडले. २ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी निकाल दिला: पैसा सातव्या निजामाचा, तेव्हा त्यांचे दोन नातू आणि भारत सरकार यांचा. तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांच्या घरात गेली होती.

बाबांनी बशीतला चहा संपवला. "न्याय झाला म्हणायचा. सत्तर वर्षांनी. पण मला सांगा, त्या खटल्यात वाटूरचं नाव होतं का?"

नव्हते. कसे असणार? कोर्टात पक्षकार लागतो. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात तर पक्षकार व्हायचा अधिकार फक्त राष्ट्रांना. कुलभूषण जाधव या मराठी माणसाचा प्रश्न तिथे गेला, १७ जुलै २०१९ रोजी निकालही आपल्या बाजूने लागला. त्यांना वकिलातीची भेट नाकारून पाकिस्तानने करार मोडला, फाशीचा फेरविचार करावा, असे न्यायालयाने सांगितले. पण सुटकेचा हुकूम नव्हता. वादी भारत, प्रतिवादी पाकिस्तान. ज्याच्या मानेभोवती दोर होता, तो कुणीच नव्हे.

आमचे वकीलसाहेब यावर 'एकच प्याला'चा दाखला देतात. १९१९ साली रंगभूमीवर आलेल्या या नाटकातला सुधाकर स्वतः वकील. कोर्टातच अपमान होतो, काही काळ सनद जाते, आणि तिथून प्याला हातात येतो. शेवटी त्याच्याच हातून जखमी झालेली सिंधू मरतामरता फौजदारापुढे खोटी जबानी देऊन त्याला वाचवते. कायद्याच्या कागदावर गुन्हा उरत नाही. पण प्रेक्षागृहातल्या शेकडो माणसांनी खरे काय ते पाहिलेले असते! ग्रीकांच्या एस्किलसने तर कोर्टच रंगमंचावर आणले. ओरेस्टिस मातृहत्येतून सुटतो, मते समसमान पडून. पण हरलेल्या सूडदेवतांना अथीना हाकलून देत नाही. मिनतवाऱ्या करून नगरातच मानाची जागा देते.

हे सारे मी बाबांना सांगितले नाही. ते आपण होऊन बोलू लागले.

"मामाच्या गावी माझा एक सोबती होता. मुसलमानाचा. आधी रझाकारांनी आमच्या लोकांची घरं जाळली, ती मी बघितली. मग फौज आली. त्यानंतर त्याच्या घरावर आमचे लोक गेले. ते बी मी बघितलं. परत काही तो दिसला नाही."

पोलीस अॅक्शननंतरच्या या हत्यांची चौकशी करायला सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती नेमली होती. तिचा अहवाल कित्येक दशके लोकांपुढे आलाच नाही. रझाकारांचा पुढारी कासीम रझवी याला शिक्षा तरी झाली.

"कुणी विचारलं तुम्हांला कधी?" मी म्हटले.

"कशाला विचारतील? रझाकाराचं विचारतात. दर सतरा सप्टेंबरला पोरं येतात, सत्कार करतात, नारळ देतात. दुसरं सांगायला लागलो की माईक काढून घेतात."

परतूरची एस.टी. येऊन थांबली. बाबांना तीच हवी होती. मी खिशात हात घातला, तेवढ्यात त्यांनी चहाचे पैसे देऊन टाकले.

"त्याचं नाव बाबू होतं," पायरीवर एक पाय ठेवून ते म्हणाले. "खरं नाव दुसरंच असंल. आम्ही बाबूच म्हणायचो."